ठरलं म्हणजे झालं का, सर?

याकोब सर शाळेत पोरांना मराठी शिकवायचे आणि बसमध्ये मला बायबलमधला पौल. पोरांना शिकवण्याचा पगार मिळायचा, मला शिकवणं फुकट होतं. मी गणिताची बाई, घरची बौद्ध, दिवसभर अपूर्णांकांशी झटापट करून पार आंबून गेलेली. संध्याकाळी मेडशीच्या शाळेतून आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावला परतताना खिडकीची जागा मिळाली की मला फक्त डोळे मिटायचे असायचे. नेमके तेव्हाच सर शेजारी येऊन बसायचे, गुडघ्यावरचा पट्टा सैल करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, एक इचारू का?" नाही म्हटलं असतं तरी विचारलंच असतं, म्हणून मी कधी नाही म्हटलं नाही.

उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. बोलताना मधूनच "थकलो बा" म्हणायची सवय. कुणी "काय झालं?" विचारलं तर सांगता यायचं नाही. सकाळी पहिल्या तासालाही थकलेले असायचे. मला वाटायचं, हा माणूस जन्मतःच थोडा थकून आला असावा.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या शाळेला पाठ होता. "कर्ता कोण?" पोरगं म्हणालं, "सर, काच फुटली," की हे खडू खाली ठेवून विचारायचे, "कर्ता कोण?" पोरगं घाबरून जायचं. सरांना काच कुणी फोडली याच्याशी काही देणंघेणं नसायचं, त्यांना खरोखरच वाक्यातला कर्ता हवा असायचा. स्टाफरूममध्ये हेडमास्तर म्हणाले, "पुन्हा निवडणुकीची ड्युटी लागली," तर कोपऱ्यातून आवाज यायचा, "कर्ता कोण?" हेडमास्तर चिडायचे. आम्ही हसायचो, पण तेही रोज रोज किती हसणार?

या प्रश्नाचं मूळ त्यांच्या देवाधर्मात होतं, हे मला उशिरा कळलं. सर ख्रिस्ती. मालेगावात त्यांची लहानशी मंडळी, गावाबाहेर पत्र्याचं प्रार्थनाघर, खाली सतरंज्या, एका अंगाला पुरुष, एका अंगाला बाया. सर तिथले एक पंच. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, भाकरीचं ताट फिरवायचं काम त्यांच्याकडे. म्हणायचं भाकर, असायचा बेकरीतला पाव, बारीक तुकडे केलेला.

"माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो, असं पौल म्हणते," एकदा त्यांनी सुरू केलं. बस पातूर घाटातल्या ट्रकांमुळे अडकून उशिरा आलेली, माझं डोकं ठणकत होतं. "आता 'ठरतो' म्हणलं की वाटते, माणूसच काई तरी करून राह्यला. काईच करत नाई तो! ठरवणारा दुसराच हाय. वाक्यात दिसत नाई एवढंच. आमच्या लोकाईचं सारं भांडण या एका क्रियापदावर हाय मॅडम, अन् कोणी व्याकरण पाह्यत नाई."

"सर, मला काय करायचं त्याचं?"

"तुमाले काईच कराचं नाई. तेच तं सांगून राह्यलो."

मी खिडकीबाहेर तुरीकडे पाहत बसले.

तरीही थोडं थोडं कानावर पडून मला त्यांचा पौल माहीत झाला. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ज्यू होते तसे इतरही लोक येऊ लागले होते. काही जण म्हणत, येशूवर विश्वास ठेवला ते ठीक, पण आधी आमचं नियमशास्त्र पाळा, सुंता करा, आमच्यासारखं खा-प्या, मगच तुम्ही आमचे. पौल म्हणे, मुळीच नाही. यावर सर नेहमी बोट वर करून बजावायचे, "ज्यूंचा नियम वाईट होता असं समजू नका हं मॅडम. पौल सोता ज्यूच. त्याईच्यासाठी तो नियम म्हणजे देवानं आपलं म्हणून हात धरल्याची खूण होती. भांडण एवढंच होतं, का तीच खूण दुसऱ्याच्या अंगावर कायले काढता?" मग ज्यूंच्या मूळपुरुषाची, अब्राहामाची गोष्ट निघायची. अब्राहामाला देवानं आधी नीतिमान ठरवलं, सुंता त्यानंतर झाली. "क्रम पाहा, क्रम!" हे म्हणताना मात्र सरांचा थकवा कुठल्या कुठे जायचा.

पण त्यांची खरी आवडती गोष्ट पंगतीची. अंत्युखिया नावाच्या गावात येशूचा थोर शिष्य पेत्र सगळ्यांच्या पंगतीला बसून जेवत होता. ज्यू, बिगरज्यू, काही भेद नाही. मग तिकडून यरुशलेमहून तिथल्या मंडळीच्या पुढाऱ्याची, याकोबाची, नियम पाळणारी माणसं आली. ती बघतील म्हणून पेत्र हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर झापलं.

"काय बोलला असन पौल? 'काहून रे बा, काल इथंच तं जेवत होता, आज घास अडकला का?' असंच बोलला असन," सर वऱ्हाडी पौल करून दाखवायचे. कंडक्टरसुद्धा वळून बघायचा.

"सर, तुमचं नाव याकोबाचं आणि वकिली पौलाची," मी एकदा म्हटलं.

"नाव बापानं ठेवलं," सर म्हणाले. "त्या वाक्यातला कर्ता मी नाई."

आमच्या शाळेत खिचडी शिजवायला कांताबाई होती. मेडशीजवळच्या वस्तीवरची. नवरा गजानन दरवर्षी ऊसतोडीला जायचा. तो काही मंडळीतला नव्हता, पण हिला अडवतही नव्हता. पोटात गाठ झाली होती तेव्हा सरांच्या मंडळीनं हिच्यासाठी प्रार्थना केली, दवाखान्यात कुणी ना कुणी बसून राहिलं, तेव्हापासून ही रविवारी मालेगावला जाऊ लागली. मंडळीच्या तेव्हाच्या धर्मगुरूनं, पाळकानं, तिला नदीत बाप्तिस्मा दिला. कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत. तशीच पाण्यात उतरली, तशीच वर आली. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

कांताबाईला शाळा नव्हती, पण तिचे प्रश्न मोठे वांधे करणारे असत. मधल्या सुट्टीत सर तिला ते 'नीतिमान ठरणं' सोयरिकीवरून समजावून सांगत होते. पोरगी ठरली की पोराकडचे म्हणतात, आता आमची झाली. तिनं अजून त्या घरात भाकर थापलेली नसते, पाणी भरलेलं नसतं, तरी त्यांची झालेली असते. कांताबाई डाव हलवत ऐकत होती. मग म्हणाली, "पण ठरलं म्हणजे झालं का, सर? आमच्यात तं ठरलेली मोडते बी."

सर हसले. ती हसली नाही.

"माई पयली सोयरीक मोडली होती. टिळा झाला, लुगडं आलं, अन् मंग त्याईले बिब्याचा डाग दिसला मानीवर. म्हणे, पोरीले काई तरी हाय. ठरलेलंच होतं तेबी."

त्या संध्याकाळी बसमध्ये सरांनी पौल काढलाच नाही. मला वाटलं, चला, सुटले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड पाहून वाईट वाटलं. पुढे बरेच दिवस ते तिला टाळून खिचडीच्या खोलीच्या मागच्या बाजूनं जायचे. मग एकदा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कांताबाई, माणसानं ठरवलेलं मोडते. हे मोडत नाई, असं मी मानतो. दाखोता येत नाई मले." कांताबाई म्हणाली, "बरं. मीबी मानतो मंग." वऱ्हाडातल्या बाया बोलतात तशी, 'मानतो'.

पुढच्या वर्षी जुना पाळक बदलून गेला, नवा आला. तरुण, इस्त्रीचे कपडे, हातात माइक. माणूस वाईट नव्हता, त्याला कामाची घाई होती. त्यानं पहिल्याच बैठकीत काढलं की आपली मंडळी ढिली पडली आहे. बाया पोती घालतात, कुंकू लावतात, त्या जुन्या देवांच्या खुणा आहेत. ज्या बाईच्या अंगावर त्या असतील तिला प्रभुभोजन नाही. बाकीच्या दोघी-तिघींनी पोती काढून ठेवल्या. कांताबाई कशी काढणार? नवरा जिता-जागता असताना बाईनं पोत तोडली म्हणजे त्याचं मरण चिंतलं. वस्तीवर तिला कुणी दारात उभं केलं नसतं. आणि तिला स्वतःलाच ते जमलं नसतं. ती गजाननवर रोज ओरडायची, पण तो कारखान्यावर गेला की दर संध्याकाळी फोनला रेंज यावी म्हणून टाकीवर चढायची.

हे ऐकून माझा संताप झाला. माझ्या आजीनं धर्मांतर झालं तेव्हा घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले, पण गळ्यातली पोत मरेपर्यंत ठेवली. आजोबा म्हणायचे, राहू द्या, तिची आहे. तिला कुणी विहाराबाहेर बसवलं नाही. "आणि तुमचे लोक एका दोऱ्यासाठी बाईला उपाशी ठेवणार?" मी सरांना बसमध्येच सुनावलं.

"मी हाय ना," सर म्हणाले. "ताट माह्या हातात हाय. नियम करू दे त्याईले."

मला धीर आला. इतकी वर्षं ज्यानं पौलाची वकिली केली, तो माणूस आता कोर्टात उभा राहणार होता.

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार झाला. सोमवारी सकाळी सर बसला आले नाहीत, पुढच्या गाडीनं आले. मी खिचडीच्या खोलीत डोकावले तर कांताबाई तांदूळ निवडत होती. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "ताट आलं अन् गेलं."

संध्याकाळी सरांनी मला स्वतःच सांगितलं. प्रार्थनेला मोठ्या शहरातून पाहुणे आले होते, मंडळीचे वरचे लोक. पुढे खुर्च्यांवर बसलेले. नवा पाळक त्यांना शिस्त दाखवत होता. सर ताट घेऊन बायांच्या ओळीतून निघाले. कांताबाईनं हात पुढे केला. सरांनी पाहुण्यांकडे पाहिलं. आणि ताट तिच्यावरून पुढच्या बाईकडे नेलं.

"कोणी काई म्हणलंच नाई मले," ते म्हणाले. "डोळेबी नाई वटारले. मी आपणहून नेलं. कर्ता मीच." त्यांनी पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. "सारी जिंदगी मी पेत्राले हासलो मॅडम. पेत्र निघालो."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ते बोलून झाल्यावर इतके म्हातारे दिसत होते की तोंड उघडवेना. मालेगाव आलं, आम्ही उतरलो, ते घराकडे गेले.

त्यानंतर मात्र ते बैठकीत बोलले. काय बोलले ते मला मंडळीतल्या एका बाईकडून कळलं. म्हणाले, तिकडं सुंता करा म्हणत होते, इथं आपण पोत तोडा म्हणतो, फरक काय? तेव्हा दुसऱ्या एका पंचानं त्यांना गाठलं. म्हणाला, "सर, तुमच्याच नावाच्या प्रेषितानं लिहून ठेवलं हाय, नुसत्या विश्वासानं भागत नाई, कामातून दिसाले पायजे. मंग पोत काढणं हे कामच झालं ना?" सगळे हसले. सर म्हणाले, "त्या याकोबानं गरिबाले जेवू घाला म्हणलं, गरिबाचं ताट वढा नाई म्हणलं." यावर कुणी हसलं नाही. पुढच्या महिन्यापासून ताट दुसऱ्याच्या हातात गेलं आणि सर मागच्या ओळीत, भिंतीला टेकून बसू लागले. पुढे बसणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्याशी फार बोलेनासं झालं. "बरं हाय," ते मला म्हणाले, "भिंतीले पाठ लागते." आवाजात मात्र काही बरं नव्हतं.

कांताबाई दर रविवारी जात राहिली. ताट येई आणि जाई. "कायले जाता मग?" मी तिच्यावर एकदा खेकसले. "मले बोलावलंय त्यानं," ती म्हणाली. "वाढणारा वाढत नाई म्हणून का मी पंगत सोडू?"

त्या हंगामात गजानन कारखान्यावरच वारला. सकाळी उठून मोळी बांधताना छातीत कळ आली, म्हणतात. टेम्पोत घालून आणला. दहाव्याला शाळेतून मी आणि सर गेलो. अंगणात भावकी बसलेली, मधे कांताबाई. गजाननची चुलती तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "चाल माय, आता पोत काढा लागते." बाई काही वाईट मनानं म्हणत नव्हती, तिच्यावरही कधी तरी ही वेळ आली होती.

कांताबाईनं गळ्याशी मूठ आवळली आणि सरांकडे पाहिलं. मग सगळं अंगणच सरांकडे पाहू लागलं.

मी तिथं बसल्या बसल्या विचार करत होते, काय दशा आहे बाईची! नवरा जिवंत होता तोवर मंडळी म्हणे काढ, आता तो मेला तर गाव म्हणतं काढ. दोन्हीकडच्यांना तिच्या गळ्यातलं तेच हवं होतं. आणि एक गोष्ट मला उघड दिसत होती. तिनं आज पोत काढली की येत्या रविवारी तिला ताट मिळणार. नवऱ्याच्या मरणानं मंडळीची अट पुरी होणार होती. सरांनाही ते दिसलं असणारच. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं, सगळ्यांचंच.

सर उठून उभे राहिले. मग म्हणाले, "कांताबाई, तुमाले काढाची असन तं काढा. ठेवाची असन तं ठेवा. त्याच्यावर देवाकडचं काईच ठरत नाई. मी तुमाले हे आधीच सांगाले पायजे होतं, अन् त्या दिवशी ताट..." ते खाली बसले.

कांताबाईनं कपाळाचं कुंकू स्वतःच्या पदरानं पुसलं. पोत ठेवली. चुलती रडत रडत म्हणाली, "हे कोणत्या धर्मात बसते वो?"

उन्हाळ्यात सरांना त्यांच्या मुलीनं पुण्याला नेलं. गुडघे पार गेले होते आणि निवृत्तीही आली होती. त्याच्या आधीच्या रविवारी कांताबाई मला म्हणाली, "मॅडम, या टायमाले चालता का संगं? नुसत्या बसा." मी गेले. पत्रा तापलेला, पंखा गरम हवा फेकत होता. मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.

ताट आलं. वाटणारा पंच तिच्यापाशी थबकला. विधवा झाली म्हणजे आता काही अडचण नाही असं त्याला वाटलं असावं. मग त्याला पोत दिसली. त्यानं पाळकाकडे पाहिलं, पाळकानं बारीकशी नकाराची मान हलवली, आणि पंचानं माझ्याकडे न बघता ताट पुढे नेलं. कांताबाईचा हात मांडीवर तसाच उताणा राहिला. मला रडू आलं. रागानंच आलं.

पुरुषांकडे ताट फिरलं. प्रार्थना झाली, सगळ्यांनी आपापला तुकडा तोंडात टाकला. आणि मागच्या भिंतीशी हालचाल झाली. सर भिंतीचा आधार घेत उठत होते. मधली मोकळी जागा ओलांडून ते बायांच्या बाजूला आले. बाया पदर आवरून सरकल्या. कांताबाईसमोर ते दोन्ही हात टेकून कसेबसे बसले. मुठीत पावाचा तुकडा होता, घामानं मऊ पडलेला. बोटाच्या पेराएवढा. त्यांनी तो मोडला.

"धरा, कांताबाई."

"तुमच्यातला कायले देता, सर?"

"धरा."

तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली. दोघांनी खाल्लं. पाळक पुस्तकात डोकं घालून उभा होता. मग कुणीतरी घाईघाईनं गाणं सुरू केलं.

सुटल्यावर दारात पाळकानं सरांना गाठलं. त्याचाही चेहरा उतरलेला होता. हळू आवाजात म्हणाला, "सर, मला आता तुम्हालाही ताट देता येणार नाही."

"बरं," सर म्हणाले.

एवढंच म्हणून ते पायरीवर चपला शोधू लागले. वाकता येत नव्हतं, म्हणून पायानंच चाचपडत होते, आणि सापडलेली चप्पल पुन्हा पुन्हा लांब सरकत होती. कांताबाई खाली बसली, तिनं त्यांचा एक पाय धरला आणि चप्पल चढवली.

"अवो, काय करता! सोडा!" सर माझ्या खांद्याला धरून एका पायावर डगमगत म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गुपचाप उभे राहा, सर," ती दुसरी चप्पल हातात घेत म्हणाली. "पडान."